लायलॅकची ऑक्टोबर छाटणी

मी मूळचा तासगावचा. आमच्याकडे ऑक्टोबर म्हटलं की आधी छाटणी आठवते, दिवाळी नंतर. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. कात्री कधी हातात घ्यायची हे मला कुणी बसवून शिकवलं नाही, घरात वाढताना ते आपोआप आलं. पुढे मी इंजिनिअरिंग केलं, एमएससाठी अमेरिकेत आलो, आता न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सॉफ्टवेअर लिहितो. पण ऑक्टोबर लागला की हात शिवशिवतात.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात असेच हात शिवशिवले आणि मी घरमालकीणबाईंच्या परसातलं लायलॅकचं झुडूप छाटलं. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्या खाली. त्यांचं वय तेव्हा एक्क्याऐंशी. त्यांचे यजमान आदल्या हिवाळ्यात गेले होते. परसात कुणी फिरकत नव्हतं, झुडूप वेडंवाकडं वाढलेलं. म्हटलं, आजींना तेवढीच मदत. सगळ्या काड्या एका उंचीला आणल्या, कचरा गोळा करून पिशव्या भरल्या, आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात झोपलो.

मे महिन्यात अख्ख्या गल्लीत लायलॅक फुलला. आमच्या परसात पानंच पानं, फूल एकही नाही. आजींनी विचारलं तेव्हा मी अभिमानानं सांगितलं की मीच ऑक्टोबरात छाटणी केली होती. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "असू दे, पुढच्या वर्षी येतील." त्यांचे यजमान दर मे महिन्यात पहिला तुरा तोडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवत, हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. ते गेल्यानंतरचा तो पहिलाच मे होता.

चूक कुठे झाली ते शोधायला म्हणून मी वाचायला लागलो, आणि बाहेर पडायला दोन वर्षं लागली. हा लेख त्या वाचनाचा.

आधी चूक सांगतो. द्राक्षात एप्रिलच्या छाटणीनंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच घड आकाराला येतो. ऑक्टोबरमध्ये काडीवर मोजके डोळे राखून पुढचा भाग उडवायचा, की राखलेल्या डोळ्यांतून घड बाहेर पडतो. लायलॅकमध्येसुद्धा पुढच्या वर्षीची फुलं आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. इथवर दोन्ही सारखं. फरक असा की लायलॅकचा फुलाचा डोळा काडीच्या शेंड्याला असतो, बहुधा जोडीनं. मी नेमके शेंडे उडवले होते. लायलॅकची छाटणी फुलं सुकल्यासुकल्या करायची असते, म्हणजे नवीन काडीला शेंडा तयार करायला उन्हाळा मिळतो. दुसरा फरक थंडीचा. लायलॅकच्या डोळ्याला फुटण्याआधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. आमच्या तासगावात तेवढी थंडी नाही, म्हणून आम्ही छाटलेल्या द्राक्षाच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावून त्यांना जागं करतो. रॉचेस्टरला पेस्टची गरज नाही. इथे ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारा बर्फ ते काम फुकट करतो.

आता या झाडाची ओळख. लायलॅक म्हणजे सिरिंजा व्हल्गॅरिस. हृदयाच्या आकाराची पानं, चार पाकळ्यांची बारीक फुलं, आणि अशी शेकडो फुलं मिळून एक तुरा. कुळ आपल्या ओळखीचं आहे. मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक हे सगळे याच ऑलिव्हच्या कुळातले. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा काहीतरी घरचं वाटलं ते उगीच नव्हतं. नावही घरचंच निघालं. संस्कृत 'नील', त्यावरून फारसीत 'नील' आणि निळसर या अर्थी 'नीलक', त्याचं 'लीलक', मग अरबीतून स्पॅनिश, फ्रेंच करत इंग्रजीत 'लायलॅक'. आजी पांढऱ्या धोतरांना घालायची ती नीळ आणि हे झाड, शब्द एकच. आपल्याकडे बकाण निंबाला इंग्रजीत 'पर्शियन लायलॅक' म्हणतात, पण तो कडुनिंबाचा नातेवाईक, याचा त्याचा संबंध नाही. खरा भारतीय लायलॅक हिमालयात आहे, सिरिंजा इमोडी. काश्मीर-हिमाचलच्या उंच उतारांवर तो आपोआप उगवतो.

युरोपात लायलॅक पोचला तो तुर्कस्तानातून. सुलतान सुलेमानच्या दरबारात ओझिए द बुसबेक नावाचा हाब्सबर्ग घराण्याचा राजदूत होता. १५६२ साली परतताना त्यानं हे झाड व्हिएन्नाला नेलं असं मानतात. त्यामुळे युरोपीय लोकांना कितीतरी काळ हे पूर्वेकडचं झाड वाटत राहिलं. पुढे एकोणिसाव्या शतकात बाल्कनच्या खडकाळ, चुनखडीच्या डोंगरउतारांवर ते रानटी अवस्थेत सापडलं, तेव्हा उलगडा झाला की झाड युरोपचंच होतं. इस्तंबूलच्या बागांमध्ये राहून ते परदेशी ठरलं होतं. लायलॅक लावताना माती आम्लधर्मी असेल तर चुना घाला, पाणी साचू देऊ नका, असं आजही सांगतात, त्याचं मूळ त्या डोंगरांत आहे.

तिथून तीनशे वर्षं लायलॅक साधाच राहिला. जांभळा, पांढरा, मधल्या दोनचार छटा. आज हजारोंनी वाण आहेत. हा फरक कसा पडला याचं उत्तर शोधताना मी फ्रान्सच्या नान्सी शहरात, १८७० सालात जाऊन पोचलो.

नान्सीत व्हिक्टर लेमोइन यांची नर्सरी होती. जन्म १८२३चा, जवळच्याच देल्म गावातला. फ्युशिया, बिगोनिया, जिरेनियम, जे हातात येईल त्याचे संकर करण्यात त्यांनी नाव कमावलं होतं. ऑगस्ट १८७०मध्ये प्रशियाचं सैन्य नान्सीत शिरलं. शहर शत्रूच्या ताब्यात, व्यापार बंद, रोपं पाठवायची तर कुणाला आणि कशानं? या काळात लेमोइन यांनी लायलॅक हातात घेतला.

त्यांच्याकडे बेल्जियममधल्या लिएजहून आलेलं 'अझुरिया प्लेना' नावाचं एक झाड होतं. साल १८४३चा वाण. दिसायला यथातथाच, तुरा बारका, पण फूल डबल. डबल मोगऱ्यासारखं पाकळ्यांच्या आत पाकळ्या. डबल फुलात होतं असं की पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे परागकण नाहीत. त्यामुळे हे झाड बाप होऊ शकत नव्हतं. आई होऊ शकत होतं, पण स्त्रीकेसरही बहुतेक फुलांत धड नसायचा. एकेक फूल उघडून, धड स्त्रीकेसर असलेलं शोधून, त्यावर दुसऱ्या चांगल्या वाणाचे परागकण ब्रशनं लावायचे. हे सगळं उंच झुडपाच्या शेंड्यांवर, शिडीवर उभं राहून. फूल सेंटिमीटरभराचंच.

लेमोइन तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते, पण नजर कमी झालेली आणि हात थरथरणारे. शिडीवर चढल्या त्या त्यांच्या पत्नी, मारी-लुईझ. नवरा खालून सांगतो आहे, त्या वर फुलं उघडताहेत. पहिल्या वर्षीच्या त्या सगळ्या खटाटोपातून बिया मिळाल्या सात. दुसऱ्या वर्षी तीसच्या आसपास.

हे सात मी परत परत वाचलं. मी ज्या कामात आहे तिथे प्रयोग फसला तर दहा मिनिटांत पुन्हा चालवता येतो. इथे सात बिया. त्या रुजणार, रोपं वाढणार, फूल यायला पाच-सहा वर्षं जाणार, आणि मगच कळणार की फूल डबल आहे की आपण नुसतीच शिडी चढलो. बाहेर परकी फौज. १८७१च्या तहात लॉरेन प्रांताचा एक तुकडा जर्मनीकडे गेला. लेमोइन यांचं जन्मगाव देल्म त्या तुकड्यात गेलं, नान्सी फ्रान्सकडे राहिलं. प्रशियाची फौज १८७३मध्ये परतली तेव्हा ती रोपं हातभरसुद्धा झाली नसतील.

१८७६च्या सुमारास पहिली फुलं आली. त्यांतला एक संकर चीनच्या सिरिंजा ओब्लाटाचा होता. तो नेहमीच्या लायलॅकच्या आधी फुलायचा. त्याच्या वंशाला आज हायसिंथिफ्लोरा म्हणतात. बाकीच्या रोपांवरून दरवर्षी नवे डबल वाण येत गेले. 'प्रेझिदाँ ग्रेव्ही' १८८६, 'बेल द नान्सी' १८९१, 'शार्ल जोली' १८९६. व्हिक्टरनंतर मुलगा एमिल, त्यानंतर नातू आँरी. १९५५मध्ये नर्सरी बंद झाली तोवर लायलॅकचे दोनशेहून अधिक वाण या एका घरातून बाहेर पडले होते. नर्सऱ्यांच्या याद्यांमध्ये डबल फुलांना अजूनही सर्रास 'फ्रेंच लायलॅक' म्हणतात. आणि १८९०मध्ये त्यांनी एक शुभ्र डबल वाण आणला, त्याचं नाव 'मादाम लेमोइन'. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पांढऱ्या डबलमध्ये आजही पहिलं नाव तेच घेतात.

शिडीवरच्या बाईंचं नाव इथे राहिलं याचं मला बरं वाटलं. आमच्या बागेत विरळणी, डिपिंग ही डोळ्यांची कामं बायकाच करतात. द्राक्षाच्या एकाही वाणाला त्यांच्यातल्या कुणाचं नाव असल्याचं मी ऐकलेलं नाही.

रॉचेस्टरला लायलॅक आला तोही स्थलांतरितांच्या हातून. जर्मनीहून आलेला जॉर्ज एल्वँगर आणि आयर्लंडहून आलेला पॅट्रिक बॅरी या दोघांनी १८४०मध्ये इथे माउंट होप नर्सरी काढली. ती इतकी वाढली की पिठाच्या गिरण्यांचं शहर म्हणून ओळखलं जाणारं गाव फुलांचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. इंग्रजीत पीठ आणि फूल या दोन शब्दांचा उच्चार सारखाच, त्यामुळे पाटी बदलायलाही त्रास पडला नसेल. या दोघांनी १८८८मध्ये शहराला जमीन दान केली, तिचं हायलँड पार्क झालं. १८९२मध्ये तिथे जॉन डनबर यांनी लायलॅकचे वीस वाण लावले. १८९८मध्ये मे महिन्यातल्या एका रविवारी तीन हजार माणसं नुसती फुलं बघायला आली. आज तिथे पाचशेहून अधिक वाणांची बाराशेवर झुडपं आहेत आणि दर मेमध्ये जत्रा भरते.

त्या फुलं न आलेल्या मे महिन्यात मी सलग तीन शनिवार तिथे गेलो. मनात होतं की आजींना भरपाई म्हणून एक चांगला वाण आणून लावावा. कुठला, हे ठरवायचं होतं. प्रत्येक झुडपाला पाटी असते. लायलॅकच्या जगात रंगांचे सात वर्ग मानतात. पांढरा, व्हायोलेट, निळा, लायलॅक, गुलाबी, किरमिजी आणि गडद जांभळा. त्यात फूल सिंगल की डबल. म्हणजे एकूण चौदा कप्पे. सॉफ्टवेअरवाल्याला हे फार आवडतं. कप्प्यात न बसणारेही आहेतच. 'प्रिमरोज' हा १९४९चा डच वाण चक्क फिकट पिवळा, पण कागदोपत्री पांढऱ्यात. 'सेन्सेशन' जांभळा आणि प्रत्येक पाकळीला पांढरी किनार. तो संकरातून आलाच नाही. हॉलंडमध्ये एका जांभळ्या वाणाच्या फांदीवर आपोआप बदल झाला, तो कुणाच्या तरी नजरेत भरला आणि १९३८मध्ये बाजारात आला. त्याची एखादी फांदी कधीकधी पुन्हा सरळ जांभळी होते.

डनबर यांचा १९१६चा 'प्रेसिडेंट लिंकन' निळ्याच्या सगळ्यात जवळ जातो. पण तो असा उंच वाढतो की तुरे पानांआड जातात. एक्क्याऐंशीच्या बाईंनी मान वर करून काय बघायचं? बर्लिनच्या श्पेट नर्सरीचा 'अँडेंकेन अ‍ॅन लुडविग श्पेट', १८८३चा, गडद जांभळा, आजही भरवशाचा. हायलँड पार्कात जर्मन आणि फ्रेंच वाण एकाच उतारावर एकमेकांत मिसळून फुलतात. ओटावाच्या सरकारी शेतीकेंद्रात १९२०मध्ये रोजंदारीवर लागलेल्या इझाबेला प्रेस्टन यांनी दोन वेगळ्या जातींचा संकर करून दोनेक आठवडे उशिरा फुलणारे, कडाक्याच्या थंडीत टिकणारे वाण काढले आणि त्यांना शेक्सपिअरच्या नायिकांची नावं दिली. 'मिरांडा', 'देस्देमोना', 'पोर्शिया'. याउलट कॅलिफोर्नियात वॉल्टर लॅमर्ट्स यांनी 'लॅव्हेंडर लेडी' काढली. तिला थंडी कमी लागते. तासगावात मात्र तीही फुलायची नाही, हे मी आईला आधीच सांगून ठेवलं आहे. जागा लहान असेल तर 'मिस किम'. १९४७मध्ये एल्विन मीडर यांनी कोरियातल्या डोंगरातून आणलेल्या बियांमधून निवडलेलं बुटकं झुडूप. त्याला भुरी रोगही फारसा लागत नाही.

मन अडकलं ते मॉस्कोच्या 'क्रासावित्सा मोस्क्वी'मध्ये, म्हणजे 'मॉस्कोची सुंदरी'. कळी गुलाबी, फूल उमलतं तसं मोतिया पांढरं होत जातं. १९४०च्या दशकात तो लिओनिद कोलेस्निकोव्ह यांनी काढला. वनस्पतिशास्त्राचं शिक्षण नाही, घराच्या बागेत स्वतः शिकून केलेलं काम. महायुद्धात ते आघाडीवर गेले, परतले, पुन्हा बागेत लागले. १९५२मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं. आणि त्याच दशकात शहर वाढवताना त्यांच्या बागेची जागा गेली, झाडं मॉस्कोच्या पूर्वेला दुसरीकडे हलवावी लागली. त्यांनी तीनशेच्या आसपास वाण तयार केले असं सांगतात. त्यांतले बरेच आज कुणाकडेच नाहीत. १९६८मध्ये ते गेले. त्या नव्या जागेची आज सार्वजनिक बाग आहे आणि जवळच्या रस्त्याचं नाव लायलॅक बुलेव्हार्ड.

इथे मला माझा स्वतःचा हिशेब दिसायला लागला. नर्सरीतून आणलेलं लायलॅकचं रोप मनासारखं फुलायला तीन ते पाच वर्षं घेतं. माझा व्हिसा तीन वर्षांचा, एकदा वाढवता येतो, एकूण सहा. त्यातलं हे पाचवं वर्ष. पुढची कागदपत्रं झाली तर झाली, नाहीतर बॅग भरायची. आजी आता त्र्याऐंशीच्या. जागा ना माझी, ना उद्याची खात्री तिची. अशा जागी पाच वर्षांचं झाड लावायचं कशासाठी? हा प्रश्न मी पहिल्यांदा नुसता व्यवहाराचा म्हणून विचारला आणि मग तो पिच्छा सोडेना. इथे आल्यापासून मी काहीच पाच वर्षांचं घेतलेलं नाही. पलंग दुसऱ्या हाताचा, गाडी लीजवर, टेबल घडीचं.

उत्तर मला कुठल्या महान वाणानं दिलं नाही. परसातलं ते जुनं झुडूप कुठला वाण आहे हे शोधताना ते अर्धवट हाताला लागलं. आजींकडचे जुने फोटो घेऊन मी पार्कात पाट्या जुळवत फिरलो. जुळलं काहीच नाही. तो नाव नसलेला साधा जांभळा सिरिंजा व्हल्गॅरिस होता. आजींनी १९७०च्या दशकात घर घेतलं तेव्हाही तो होताच. कुणी लावला, ठाऊक नाही. या भागात शेताडीत गेलं की दिसतं, घर पडलेलं असतं, जोत्याचे दगड उरलेले असतात आणि दाराशी लायलॅक फुललेला असतो. मुळांतून फुटवे काढत तो शंभर-शंभर वर्षं टिकतो. लावणारी माणसं कुठल्या कुठे गेलेली असतात.

या टिकण्याचा उपयोग पुढे शास्त्रज्ञांनीही केला. फ्रान्सच्या रुआँ शहरात अठराव्या शतकात उगवलेल्या एका संकराच्या वंशातला 'रेड रोथोमॅजेन्सिस' हा वाण कलमांनी वाढवून अमेरिकेत ठिकठिकाणी लावला गेला. १९५०च्या दशकात मोंटानात जोसेफ कॅप्रिओ यांनी हौशी बागकाम करणाऱ्यांना हाताशी धरून लायलॅकला पहिलं पान कधी फुटलं, पहिलं फूल कधी उमललं याच्या नोंदी सुरू केल्या. झाड सगळीकडे एकच, जनुकंही तीच, तेव्हा तारखेत फरक पडला तर तो हवामानाचा. वसंत आता किती लवकर येतो याचा एक मोठा पुरावा अशा नोंदींमधून उभा राहिला. नोंद करणारे बदलत गेले, झाड तेच.

त्या जूनमध्ये मी आजींची परवानगी घेऊन कात्रीऐवजी करवत घेतली. रीत अशी की सगळ्यात जुनी, जाड खोडं जमिनीलगत कापायची, एका वर्षी एक तृतीयांशाहून जास्त नाही, म्हणजे तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि फुलणं थांबत नाही. सहापैकी दोन खोडं कापली. शेंड्यांना हात लावला नाही. राख आणि थोडा चुना टाकला. नत्र मुद्दाम दिलं नाही, नत्र जास्त झालं की नुसती पानं माजतात. ऑक्टोबर आला, हात शिवशिवले, मी कात्री गाडीच्या डिकीत ठेवून दिली.

या वर्षी मेमध्ये अकरा तुरे आले. पूर्वी मोजता येत नसत म्हणे. पहिला मी तोडला नाही. आजी स्वतः काठी टेकत परसात आल्या, त्यांनी तोडला, आणि तो टेबलावरच्या रिकाम्या लोणच्याच्या बरणीत ठेवला. बरणी माझीच होती, घासूनही तिचा मोहरीचा वास गेला नव्हता. दोन्ही वास त्या खोलीत दिवसभर होते.

त्याच आठवड्यात मी 'मादाम लेमोइन'चं रोप मागवलं. प्रिव्हेटवर कलम केलेलं नको, स्वतःच्या मुळावरचं हवं, असं नर्सरीला बजावून सांगितलं. कलमी झाडाचे खालचे फुटवे खुंटाचे निघतात. स्वतःच्या मुळावरचं झाड उद्या कुणी दुर्लक्षित ठेवलं, वरून पार मोडलं, तरी खालून येईल ते 'मादाम लेमोइन'च येईल. निवड करताना मी शेवटी एवढाच निकष ठेवला.

जागा दक्षिणेची, सहा तास ऊन मिळेल अशी. खड्डा घेत असताना घरी व्हिडिओ कॉल लावला होता. बाबांनी विचारलं, "माल कधी धरणार?"

"चार वर्षं तरी."

"आणि तुझा व्हिसा?"

"पुढच्या जुलैपर्यंत आहे."

बाबा थोडा वेळ स्क्रीनवर माझ्या खड्ड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खड्डा अरुंद झालाय. अजून हातभर रुंद घे."